क्लेमोर : ज्यांचं नाव कुणी विचारत नाही

सांजवात

मागच्या पंधरवड्यात 'क्लेमोर' या जपानी अॅनिमेशन मालिकेचे सगळे 26 भाग पुन्हा पाहिले आणि पाठोपाठ ती जिच्यावरून केली त्या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, 27 खंडही संपवले. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कॉलेजात होते. तलवारी, राक्षस आणि रक्त एवढंच तेव्हा डोळ्यांत भरलं होतं. या वेळी दुसऱ्याच भागाला मालिका थांबवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. घरात यावर बोलायला कुणी नाही, म्हणून हा धागा. शेवटापर्यंतचं सगळं उघड लिहिणार आहे. ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी पाहून मग या, धागा कुठे जात नाही.

ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोरिहिरो यागी यांची ही मांगा 2001 ते 2014 चालली. मॅडहाउस स्टुडिओची मालिका 2007 साली एप्रिल ते सप्टेंबर दाखवली गेली, दिग्दर्शक हिरोयुकी तानाका. गोष्ट जुन्या युरोपसारख्या दिसणाऱ्या एका मुलखात घडते. तिथे योमा नावाचे राक्षस माणसांची आतडी खातात, खाल्लेल्या माणसाचं रूप घेतात आणि त्याच्या आठवणीही घेतात. त्यामुळे पंक्तीला शेजारी बसलेला भाऊ खरंच भाऊ आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही. या योमांना मारण्यासाठी एक संघटना मुली तयार करते. योमाचं रक्तमांस मुलीच्या अंगात घालतात. जी जगते तिचे डोळे रुपेरी होतात, केसांचा रंग उडतो आणि ती अर्धी माणूस, अर्धी योमा होऊन बसते. इलाखे 47, योद्ध्या 47. सगळ्यात ताकदवान ती पहिली, सगळ्यात कमजोर ती सत्तेचाळिसावी. आपली नायिका क्लेअर सत्तेचाळिसावी आहे.

गावकरी त्यांना 'क्लेमोर' म्हणतात ते पाठीवरच्या मोठ्या तलवारीवरून. संघटनेने स्वतः त्यांना नाव दिलेलंच नाही. बाई दिसली की लोक दारं लावून घेतात, फटीतून बघतात. ती आपल्यासाठी मरायला आली आहे हे माहीत असूनही पाणी कुणी विचारत नाही. मोबदला घ्यायला मागून काळ्या कपड्यांतला माणूस येतो. क्लेअर गावच्या मुखियाला सांगते की त्याआधी मी मेले तर पैसे द्यायची गरज नाही. हे ती बाजारभाव सांगितल्यासारखं सांगते. तेच मला सोसलं नाही.

आता त्या दुसऱ्या भागाबद्दल. या बायका आतली राक्षसी शक्ती, योकी, वापरतात. दहा टक्क्यांना डोळे सोनेरी होतात, तीस टक्क्यांना चेहरा बदलतो, पन्नासला शरीर. ऐंशीच्या पुढे गेलं की परत येता येत नाही, बाई पूर्ण राक्षस होते. ती वेळ जवळ आली की त्या तलवारीच्या मुठीत ठेवलेलं काळं कार्ड एका सहकारिणीला पाठवतात. मला माणूस असतानाच मार, एवढाच त्याचा अर्थ. क्लेअरला ते एलेनाकडून येतं. दोघी लहानपणी संघटनेत शेजारी निजायच्या, बदलत्या शरीराच्या वेदनेत एकमेकींना धरून. क्लेअर येते, एलेनाशी दोन शब्द बोलते आणि मारते.

मला या वेळी जे दिसलं ते असं. जगाने या बायकांना तलवारीचं नाव दिलं, संघटनेने आकडा दिला. खरं नाव फक्त त्या एकमेकींनाच माहीत आहे. आणि त्यांचं माणूस राहणं त्या नावाने हाक मारणाऱ्या एका माणसावर टिकून आहे. ते माणूस असेल तर परत येता येतं, नसेल तर नाही. सबंध मालिका मला याच एका धाग्यावर ओवलेली दिसली. तुम्हाला काय वाटतं?

आडवाट

फार छान लिहिलंय. त्या 'मला मार'वरून एक गोष्ट लक्षात आली, तुमच्या मुद्द्यालाच जोडून लिहितो.

हे मागणं कथेत पुन्हा पुन्हा येतं. एलेना क्लेअरकडे मागते. राबोना या धर्मनगरीत क्लेअर स्वतः मर्यादा ओलांडते तेव्हा ती गाल्क या पहारेकऱ्याला सांगते की माझं डोकं उडव. तिथे तिच्यासोबत फिरणारा पोरका मुलगा राकी तिला मिठी मारतो आणि ती परत येते. आणि मग तेरेसाचे भाग, पाचव्यापासून आठव्यापर्यंत. मंदस्मित तेरेसा, पहिल्या क्रमांकाची, जिला तोवर कुणी ओरखडाही काढू शकलेलं नव्हतं. तिला मारायला संघटनेने पाठवलेली कोवळी प्रिसिला रागाच्या भरात मर्यादा ओलांडते आणि रडत विनवते की माझं मन अजून माणसाचं आहे तोवर मला मार. तेरेसा तलवार उचलते, क्षणभर थांबते, आणि त्या क्षणात प्रिसिला तिचे हात आणि मग डोकं उडवते.

म्हणजे तेरेसाला ताकदीने कुणी हरवलं नाही. तिला दया आली, म्हणून ती गेली. आणि ही दया तिच्यात आली कुठून? ज्या मुक्या पोरीला तिने लाथ मारून हाकललं होतं, तीच पोर पुन्हा पुन्हा मागे येत राहिली आणि एक दिवस तिला बिलगून रडली. इतरांनी तेरेसाचं हसू पाहिलं होतं. तिचं दुःख त्या पोरीला दिसलं. तीच क्लेअर.

त्याआधीची तेरेसा मला आवडत नाही, ती थंड आणि उर्मट आहे. चार भागांत लेखकाने तिला इतकं जवळ आणलं की आठवा भाग मी आजवर दोनदाच पाहू शकलो.

घाटमाथा

धाग्यातलं बरंचसं पटलं. पण मालिकेच्या शेवटाबद्दल बोलायलाच हवं. उत्तरेतल्या पिएता गावच्या लढाईपर्यंत सगळं मांगाला धरून चाललंय आणि मग एकदम गाडी रूळ सोडते. ज्वालामुखीत क्लेअर आणि प्रिसिलाची लढाई, ती मूळ कथेत कुठेही नाही. प्रिसिला जिवंत राहते आणि मालिका संपते. मांगा तेव्हा अर्ध्यावरही आली नव्हती, हे मान्य. शिवाय मालिका चालू असतानाच, 2007च्या जूनमध्ये, ज्या मासिकात मांगा येत होती ते 'मंथली शोनेन जंप' बंद पडलं. नोव्हेंबरात 'जंप स्क्वेअर' निघालं आणि कथा तिकडे पुढे सुरू झाली. पण म्हणून मधेच स्वतःचा शेवट लावायचा? पिएतावर थांबले असते तरी चाललं असतं.

दुसरं म्हणजे राकी. तो मला शेवटपर्यंत ओझं वाटला. सारखा रडतो, सारखा मधे येतो. इतक्या बायकांच्या कथेत प्रत्येक वेळी वाचवायला हा मुलगाच का?

सांजवात

आडवाट, ही जोडणी माझ्या डोक्यात आली नव्हती. तेरेसाला मागितलेलं मरण तिच्यावर उलटलं, आणि तरीही क्लेअर एलेनाला तेच मरण देते, न थांबता. आता तो दुसरा भाग मला आणखी वेगळा दिसेल.

घाटमाथा, शेवटाबद्दल सहमत. राकीबद्दल नाही. तो प्रत्येक वेळी वाचवतो असंही नाही. राबोनात त्याने परत आणलं. पण पिएतात क्लेअर जवळजवळ पूर्ण जाते आणि मला मार म्हणून सोबतच्या हेलनला विनवते, तेव्हा मरणाच्या दारात असलेली दुसरी योद्धी जीन उरलेला सगळा जोर लावून तिला मागे ओढते आणि स्वतः जाते. त्याआधी रिफुल या राक्षसीणीच्या छळाने जीन राक्षस व्हायला आली होती तेव्हा तिला क्लेअरने ओढून आणलेलं असतं. हे ऋण बाईचं बाईला आहे.

आणि राकीने काय केलं? त्याने तिला नाव विचारलं. त्या मुलखात ते कुणी करत नाही. त्याचं सगळं घर योमाने खाल्लं, तेही सख्ख्या भावाच्या रूपात राहून. गावाने त्याला हाकललं. असं पोर रडणार नाही तर काय करणार? तेरेसाच्या मागे धावणारी क्लेअर आणि क्लेअरच्या मागे धावणारा राकी, या दोघांत मला तरी काही फरक दिसत नाही.

घाटमाथा

क्लेअर आणि राकी एकाच जागी उभे आहेत हे मान्य. अशा नजरेने पाहिलं नव्हतं. मांगात सात वर्षांनंतरचा राकी आवडलाच होता, तेही सांगून टाकतो.

पैलतीर

ओसाकात दहा वर्षं राहतेय, शब्दांबद्दल थोडं लिहिते. 'योमा' या शब्दातलं दुसरं चित्राक्षर 'मा', म्हणजे सैतान, राक्षस. हे अक्षर चीनमध्ये बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात संस्कृत 'मार' हा शब्द लिहिण्यासाठी घडवलं गेलं. बुद्धाला बोधिवृक्षाखाली भुलवायला आला तोच मार. आपल्याकडून निघालेला शब्द चीनमार्गे जपानात पोचला आणि या मालिकेतल्या राक्षसाच्या नावात येऊन बसला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

राक्षस झालेल्या बाईला जपानीत 'काकुसेइशा' म्हणतात, म्हणजे जागी झालेली. जाग येणं हा चांगला शब्द इथे शापासारखा वापरलाय. ज्या पहिल्या पिढीवर संघटनेने प्रयोग केले ते पुरुष होते. त्या सीमेवर जे सुख जाणवतं ते त्यांना आवरता आलं नाही, ते पटापट राक्षस झाले, म्हणून मग मुली निवडल्या. हे कथेत स्पष्ट सांगितलंय. बायकांच्या सोसण्याचाच वापर करून घेतला.

'क्लेमोर' हा मूळ स्कॉटलंडचा गेलिक शब्द, अर्थ मोठी तलवार. पहिल्या भागाचं नावही तेच आहे.

आडवाट

मार! हे माहीतच नव्हतं. मनापासून आभार.

चित्रवेल

मी चित्रं काढते, म्हणून माझं लक्ष वेगळीकडे. बऱ्याच जणांची तक्रार असते की सगळ्या एकसारख्याच दिसतात, ओळखू येत नाहीत. पहिले काही भाग मलाही जड गेले. मग कळलं की हे मुद्दाम आहे. रंग काढून घेतलाय, कपडे एकच, डोळे एकच. जे उरतं त्यावरच ओळखायचं: केसांची ठेवण, उभं राहण्याची ढब, लढण्याची पद्धत. हेलनचा हात लांबतो आणि तिच्या तोंडात कायम सफरचंद. डेनेव्हच्या जखमा भरून येतात, कारण बहिणीने जीव देऊन वाचवलेली ती मुलगी मनाच्या तळाशी फक्त जगू पाहत होती. मिरिया इतक्या वेगाने हलते की मागे तिची आकृती उरते. हळूहळू गर्दीतून एकेक चेहरा वर येतो. सांजवात म्हणतात त्या नावाचंच हे चित्रातलं रूप आहे.

आणखी एक. प्रत्येकीची एक खूण असते, गळपट्टीवर आणि तलवारीच्या पात्यावर, दुसऱ्या कुणाची तशी नसते. मेली की तीच तलवार जमिनीत रोवतात, तोच तिचा दगड. हत्यार, ओळखपत्र आणि समाधी, तिन्ही एकाच लोखंडात. पिएतानंतर बर्फात उभ्या तलवारींचं चित्र मी उतरवून काढलंय, भिंतीवर आहे.

मालिकेचे रंगही असेच उतरलेले, राखी-निळे. त्यात रक्ताचा जांभळा आणि डोळ्यांतलं सोनं एवढंच चमकतं. मासानोरी ताकुमी यांचं संगीत आहे, त्यातली तेरेसाच्या प्रसंगांची धून ऐकाच.

नवखी

धागा वाचून काल रात्री चार भाग पाहिले. दोन प्रश्न आहेत. मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला दाखवू का? आणि मांगा कुठून सुरू करू?

आडवाट

चौदाव्या वर्षी एकटीला नको, असं माझं मत. हिंसा आहेच, शरीरं फाटताना दाखवली आहेत, आणि तेरेसाच्या भागांत दरोडेखोर मुलीवर हात टाकतात तेही आहे. त्याच प्रसंगात तेरेसा माणूस मारायचा नाही हा नियम मोडते आणि तिच्यावर मृत्युदंड निघतो, म्हणजे गाळूनही चालणार नाही. तुम्ही आधी पूर्ण पाहा, मग ठरवा.

मांगा पिएतापासून पुढे वाचायची असेल तर 11व्या खंडापासून. पण वेळ असेल तर पहिल्यापासूनच घ्या.

घाटमाथा

नवखी, यापुढचं वाचू नका, मांगाचं सगळ्यात मोठं रहस्य लिहितोय.

मला मालिकेपेक्षा मांगा मोठी वाटते ती यासाठी. पिएतात उत्तरेला 24 जणी पाठवल्या जातात. त्या सगळ्या संघटनेला नको असलेल्या, वाकड्या चालणाऱ्या. हे मिरियाला आधीच कळलेलं असतं, कारण तिने पूर्वी मारलेली एक राक्षसीण तिचीच मैत्रीण निघाली होती. सात वाचतात. योकी दाबणारी गोळी घेऊन त्या मेल्यासारख्या पडतात, आणि सात वर्षं उत्तरेत लपून काढतात.

आणि मग मिरिया शोधून काढते की हा अख्खा मुलूख म्हणजे एक बेट आहे. पलीकडे मुख्य भूमीवर मोठं युद्ध चालू आहे, आणि त्यासाठी हत्यार बनवायची ही प्रयोगशाळा. योमासुद्धा संघटनेनेच बनवले. म्हणजे आधी गावात राक्षस सोडायचा, मग तो मारायला मुली पाठवायच्या, गावाकडून त्याचे पैसे घ्यायचे, आणि राक्षसाने अनाथ केलेल्या पोरी उचलून पुढच्या योद्ध्या करायच्या. सांजवातने सांगितलेला तो काळ्या कपड्यांतला माणूस आठवा. तो हिशोब पूर्ण होतो इथे.

मिरिया त्यानंतर एकटी संघटनेवर चालून जाते. समोर तलवारी घेऊन उभ्या केलेल्या सगळ्या मुलीच. ती त्यांच्यातल्या एकीलाही मारत नाही. बदला घ्यायला इतकं कारण असलेलं पात्र असं वागतं, हे मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही.

सांजवात

हो. आणि त्या मुलीही तिला मारून टाकत नाहीत. पुढचं बंड तिथून उगवतं.

पाणकळा

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

क्लेअरच्या अंगात योमाचं मांस नाही, हे वर कुणी अजून लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या मुलींना संघटनेने धरून आणलं. क्लेअर आपल्या पायांनी गेली, तेरेसाचं डोकं छातीशी धरून, आणि म्हणाली की हिचं रक्तमांस माझ्यात घाला. म्हणून ती चौथाईच योमा, म्हणून ती सत्तेचाळिसावी, सगळ्यात कमजोर. संघटनेच्या लेखी फसलेला प्रयोग. पण बाकीच्यांच्या शरीरात शत्रू आहे आणि हिच्या शरीरात हिचं माणूस आहे.

माझ्या शरीरात माझ्या ताईची किडनी आहे. सात वर्षं झाली. ताई दोन वर्षांपूर्वी गेली, अपघातात, किडनीशी त्याचा काही संबंध नव्हता. तेव्हापासून मला गोळी घेताना दर वेळी वाटतं की मी तिला सांभाळतेय. शरीर तिला बाहेरचं समजून ढकलू बघतं आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळेला, त्याला समजावते की ही आपली आहे. हे मी कुणाला बोलले नव्हते. लोक म्हणतात, बरं झालं तुझं तरी चांगलं चाललंय.

भाच्याने ही मालिका लावून दिली होती, मी नुसती बसले होते. आयरीनचा प्रसंग आला. ओफेलिया या दुसऱ्या योद्धीने क्लेअरचा उजवा हात तोडलेला. आयरीन तेरेसाला मारायला आलेल्या चौघींतली एक. तिचा डावा हात त्याच दिवशी गेला. लपून एकटी राहते. आणि ती आपला उरलेला एकुलता हात कापून क्लेअरला देते. पुढे क्लेअर त्या हाताने लढते.

मांगाच्या शेवटी क्लेअर स्वतःला सोडून देते आणि तिच्यातून तेरेसा उभी राहते. प्रिसिलाला तेरेसा संपवते. भाच्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, इतकी वर्षं क्लेअर लढली आणि शेवट दुसऱ्याच कुणी केला, नायिकेवर अन्याय आहे. मी त्याला म्हटलं, दुसरी कोण? ती कुठे दुसरी आहे?

चित्रवेल

पाणकळा, दोनदा वाचलं. ताईंना नमस्कार.

पैलतीर

राबोनाच्या धर्मात प्रेमाच्या दोन जुळ्या देवता आहेत, तेरेसा आणि क्लेअर. मुक्या पोरीला नाव नव्हतं, तेरेसाने आपल्या जोडीच्या देवतेचं नाव तिला दिलं. पहिल्या वेळी मला तो छोटा तपशील वाटला होता. आता पाणकळांनी लिहिल्यावर वाटतं की तो शेवट त्या बारशालाच ठरला होता.

घाटमाथा

पाणकळा, मी तुमच्या भाच्याच्याच बाजूचा होतो. गेली कित्येक वर्षं मित्रांशी याच मुद्द्यावर भांडलोय की शेवटचा वार क्लेअरचाच हवा होता. 27वा खंड पुन्हा काढतोय.

आडवाट

जाता जाता एक भर. यागी यांची याआधीची मांगा 'एंजल देन्सेत्सू' शाळेतली विनोदी गोष्ट आहे. नायक अत्यंत मायाळू पोरगा, पण चेहरा इतका भयंकर की सगळे त्याला सैतान समजून पळतात. लोक बघून दार लावून घेतात आणि आत माणूस आहे हे फक्त जवळ जाणाऱ्याला कळतं. आधी त्यांनी हेच हसवत सांगितलं आणि पुढची तेरा वर्षं रक्तात बुडवून सांगितलं. एक माणूस एकाच गोष्टीपाशी इतकी वर्षं बसून राहिला, याचं मला फार अप्रूप आहे.

नवखी

घाटमाथांचा प्रतिसाद वाचला नाही, पाणकळांचा वाचला. रहस्य फुटलं तरी चालेल. आठवा भाग आत्ता संपला.

सांजवात

नवखी, आज पुढचा लगेच लावू नका, उद्या बघा.

पाणकळा, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्या पानावर लिहिलेलं माझंच वाक्य आठवलं, की नावाने हाक मारणारं एक माणूस लागतं. ते माणूस समोरच उभं असावं लागतं असं मी धरून चालले होते. ताईंचं नाव काय होतं? सांगावंसं वाटलं तरच सांगा.

पाणकळा

सुमन. घरात सगळे सुमी म्हणायचे.